शेंदराच्या पुढचा आटा

भोगीच्या आदल्या दिवशी सकाळी शालनबाई धाकट्या जावेच्या दारात येऊन उभी राहिली आणि तिनं पदर कमरेला खोचला. मंजुळा भाकरी थापत होती. तो खोचलेला पदर पाहूनच तिला कळलं, की आपण विहिरीवर जे बोललो ते फिरत फिरत थोरल्या घरी पोचलं.

"ऊठ," शालनबाई म्हणाली.

"कुठं, आक्का?"

"पाटावर. मी पाणी चोरते म्हणं तुझं. ऊठ, चोर धरून दे मला."

"तुमचं नाव न्हाई घेतलं मी. मी म्हणलं, वरच्या दाराला कुणीतरी पाणी वळवतंय."

"वरचं दार म्हंजे माझंच की गं! वर काय मामलेदाराचं रान हाय?"

मंजुळानं तव्यावरची भाकरी उलटली, शेकली, टोपल्यात टाकली आणि हात धुतले. तिला लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर आनंदच झाला होता. गेली दोन सालं तिला एकच गोष्ट कळून घ्यायची होती, पाटाचं पाणी मधेच जातं कुठं, आणि एकट्या बाईनं दुसऱ्यांच्या रानांवरून हिंडायचं कसं म्हणून ती अडून बसली होती. सासू हयात असताना म्हणायची, "हिला पान वाढलं तर ही आधी पानाखाली काय हाय ते बघंल." सासूचं म्हणणं काही खोटं नव्हतं.

कुरणवाडीचं तळं वर, दोन टेकड्यांच्या मधे. बांधाच्या पोटात दगडी मोरी आणि मोरीच्या डोक्यावर लोखंडी चाक. चाक फिरवलं की आट्यांचा, म्हणजे स्क्रूसारख्या पिळाचा, दांडा वर चढायचा, त्याच्याबरोबर खालची झडप उचलायची आणि पाणी पाटात पडायचं. चाक फिरवायचा मान याच घराचा. आजोबांकडून तो आबांकडे, म्हणजे मंजुळाच्या सासऱ्यांकडे आला, आणि आबा गेल्यावर थोरल्या अर्जुनरावांकडे, शालनबाईच्या नवऱ्याकडे. भावाभावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा मोरीजवळचं रान अर्जुनरावांना आलं आणि पाटाच्या टोकाचं मुरारीला, मंजुळाच्या नवऱ्याला. टोकाची जमीन काळीभोर, कसदार. तेव्हा भावकी म्हणाली होती, मुरारीनं नशीब काढलं. पण काळी पाण्यावाचून पिकत नाही, आणि पाटाचं पाणी टोकाला पोचायचं ते फक्त पावसाळ्यात, नको असताना.

शेवटी मुरारी पिंपरीच्या नव्या औषधाच्या कारखान्यात लागला. सायकलवरून सुटीच्या दिवशी घरी यायचा, अंगाला कसलासा तीक्ष्ण वास घेऊन. तिकडे त्यानं एक खोलीही बघून ठेवली होती. उद्या भोगीला बांधावर सगळ्या घराचं जेवण होतं. जेवण झालं की तो टोकाचं रान थोरल्या भावाच्या हवाली करणार होता, आणि संक्रांतीनंतर मंजुळानं चूलबोळकी उचलून पिंपरीला जायचं होतं. इकडे तिच्या कांद्याचं रोप लागणीला आलं होतं. लागणीला पाणी नव्हतं, म्हणून ते वाफ्यातच उभं राहून शेंड्याला पिवळं पडत होतं. मंजुळा रोज सकाळी त्याला घागरीनं पाणी घालायची आणि रोज म्हणायची, आजचा दिवस दम धर.

*

"फुलं कशाला घेतलीस?" पाटावर आल्यावर शालनबाईनं विचारलं. "पूजेला निघालीस का चोर धरायला?"

मंजुळानं ओच्यातलं गोंड्याचं एक फूल पाटात सोडलं. "याच्या मागं चालायचं, आक्का. पाणी कुणी वळवलं तर फूल वळंल. ते खोटं बोलणार न्हाई."

"आणि मी बोलंन?"

"तसं न्हाई वो."

"कसं ते बघतेच आता."

शालनबाईच्या रानात पाणी घ्यायचं दार आलं. तिनं स्वतः वाकून चिखलाचे दोन गोळे उचलले आणि आधीच बुजवलेलं दार पुन्हा बुजवलं, वर पायानं थापलं, आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. फूल पुढं निघून गेलं.

"बघितलंस?"

"बघितलं."

"डोळे भरून बघ."

दोघी चालत राहिल्या. कुठलंच दार उघडं नव्हतं. महिनाभर पाट वाहत होता, पण वाहत होता म्हणजे नदीच्या पाण्यासारखा नव्हे. पायाचा घोटा बुडेल न बुडेल इतकंच पाणी, दिवसरात्र सारखं. फूल आधी दोघींच्या बरोबरीनं चाललं, मग मागं पडायला लागलं, मग दोघींना थांबून त्याची वाट बघावी लागली. बाभळीची राई संपली आणि माळ लागला. तिथं पाटाचा तळ तांबड्या मुरमाचा. चुलतदीर उद्धवरावांची विहीर तिथंच, पाटाच्या खालच्या अंगाला. फूल मुरमावर टेकलं, एकदा गर्रकन फिरलं आणि बसलं.

पुढं थोडी ओल होती. मग ओलीचा नुसता काळा डाग. मग काहीच नाही. एक टिटवी कोरड्या पाटातून ऐटीत चालत गेली.

"कुठाय चोर?" शालनबाई म्हणाली. पण आता तिचा आवाज भांडणाचा नव्हता. तीही वाकून बघत होती.

मंजुळा खाली बसली. तिनं तळहात मुरमावर ठेवला, मग बोटांनी उकरलं. मुरूम आत गार होता, ओला होता, आणि उकरलेल्या खळग्यात आलेलं पाणी बघता बघता नाहीसं झालं.

"आक्का, कुणी न्हाई. पाटच पितोय."

"पाट पितोय?"

"हात लावून बघा."

शालनबाईनं हात लावला. मग तिनं मान वळवून उद्धवरावांच्या विहिरीकडं बघितलं. दोघी उठल्या आणि विहिरीच्या काठाशी जाऊन वाकल्या. पौष महिना, गावातल्या विहिरी पायऱ्या दाखवायला लागलेल्या, आणि ही मात्र काठोकाठ. निवळशंख पाण्यात दोघींची तोंडं दिसत होती.

"आता गं बाई," शालनबाई म्हणाली. "खंडोबाची कृपा म्हणतोय न्हवं का हा? दर साली जागरण घालतो विहिरीसाठी!"

आणि दोन जावा, ज्यांचं महिनाभर धड बोलणं नव्हतं, विहिरीच्या काठाला धरून हसत सुटल्या. हसणं थांबल्यावर शालनबाई डोळे पुसत म्हणाली, "मग गं? पाणी जोरात सोडलं तर?"

मंजुळा हाच विचार करत होती. "तर पितोय तेवढंच पिईल. बाकीचं पुढं जाईल. असं मला वाटतं."

"वाटतं?"

"बघितल्याशिवाय कसं सांगू?"

"पण ते सोडणार न्हाईत," शालनबाई म्हणाली. "शेंदराच्या पुढं चाक न्यायचं न्हाई. माझ्या लग्नापासनं ऐकते."

*

चाकाच्या दांड्यावर शेंदराचं एक कडं होतं. फार वर्षांपूर्वी आबांनी ते ओढलं. दर भोगीला चाकाची पूजा व्हायची आणि त्या कड्यावर तेलात कालवलेला नवा शेंदूर चढायचा. दांडा उचलायचा तो त्या कड्यापर्यंतच, त्यापुढं एक आटाही नाही. आणि पाट एकदा सुरू केला की पाऊस येईपर्यंत चाक पुरतं बंदही करायचं नाही. थोडं थोडं सोडायचं, म्हणजे पुरतं. सगळ्या घराची यावर श्रद्धा होती. उधळ्या माणसांना ही चूक सुचलीच नसती. ती सुचायला काटकसरीचंच घर लागतं.

भोगीच्या दिवशी बांधावरच्या जांभळीखाली जेवणं झाली. तिळाच्या भाकरी, लोणी आणि सगळ्या शेंगा-वांग्यांची मिळून एक भाजी. अर्जुनरावांनी पूजा आटोपून चाकाला हळदकुंकू वाहिलं होतं, शेंदूर अजून ओला होता. आबांची धाकटी बहीण, सारजाबाई आत्या, जांभळीला टेकून सुपारी कातरत होती. उद्धवराव पागोटं मांडीवर काढून बसले होते.

"हं, मुरा," अर्जुनराव म्हणाले, "तुझं काय ते बोल आता."

मुरारीनं घसा खाकरला. "दादा, टोकाचं रान तूच बघ. मी तिकडं शिफ्टमधे, ही इकडं एकटी. कोरड्या रानात काय करणार?"

मंजुळानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायची त्या घरात चाल नव्हती. ती शालनबाईकडं वळली. "आक्का, भावजींना इचारा, रान घ्यायच्या आधी एकदा पाणी सोडून बघायला काय हरकत हाय?"

अर्जुनराव हाताच्या अंतरावर बसले होते. तेही बायकोकडंच वळले. "तिला सांग, पाणी सोडलेलंच हाय. महिना झाला पाट वाहतोय."

"वाहतोय म्हणं," शालनबाई म्हणाली.

"भावजींना सांगा, तो वाहतोय माळापतूर. तिथनं पुढं मुंगीचा पाय भिजत न्हाई."

"मुंगीचा पाय भिजत न्हाई म्हणती."

"तिला सांग, मधे कुणी वळवत असंल तर नाव सांग, मी बघतो त्याच्याकडं."

"मी काय तारऑफिस हाय का?" शालनबाई कडाडली. "दोघांनाबी तोंडं दिलीत देवानं. बोला की!"

आत्या सुपारी कातरायची थांबली. मुरारीनं खाली बघून हसू दाबलं. मंजुळा क्षणभर घुटमळली, मग तिनं पदर होता तिथंच राहू दिला आणि मान वर केली.

"कुणी वळवत न्हाई, भावजी. काल आमी दोघी पाट चालून आलो. माळावर पाटच पाणी पितो. आणि ते उद्धवदादांच्या विहिरीत उतरतं."

"काय?" उद्धवराव ताठ झाले. "माझ्या विहिरीला खंडोबाचा हात हाय! म्हंजे मी चोर?"

"न्हाई वो दादा. तुमाला तरी कुठं ठाव होतं?"

"जागरणाला आमचंच पाणी पाजलंत आमाला," शालनबाई म्हणाली, आणि लोक हसले. उद्धवरावांनी पागोटं डोक्यावर ठेवलं, पुन्हा काढलं. "हे बघा, हसण्यावारी नेऊ नका. आबांनी आखून दिलंय. शेंदराच्या पुढं न्हाई म्हंजे न्हाई."

"पण का?" मंजुळानं विचारलं.

या एका शब्दासाठी तिनं आयुष्यभर बोलणी खाल्ली होती. आज कुणी रागावलं नाही. सगळ्यांनी अर्जुनरावांकडं बघितलं, कारण 'का' ते सांगायचा मानही चाकवाल्याचाच.

ते तळ्याकडं वळून बसले. पाणी वाऱ्यानं शहारत होतं.

"मी ल्हान व्हतो," ते म्हणाले. "एका साली पाऊस अर्धाच झाला. सगळी भावकी आबांच्या मागं लागली, सोडा, जोरात सोडा, गहू जळतोय. आबांनी चाक फिरवलं. ज्याला पाहिजे त्यानं पाहिजे तेवढं घेतलं. चैतात तळ्याचा तळ दिसला. आमची म्हस पाण्याच्या आशेनं आत गेली ती गाळात रुतली. दोर लावले, माणसं लावली. निघाली न्हाई. मग आबांनी हे कडं ओढलं." त्यांनी खाली पडलेलं जांभळीचं पान उचललं आणि त्याच्या बारीक चिंध्या केल्या. "गहू कुणाचा वाचला, त्याची कुणाला याद न्हाई. आबांनी तळं रितं केलं, ही याद सगळ्यांना. तळं माझ्यामुळं भरत न्हाई, पण रितं झालं तर माझ्या नावावर रितं व्हतं."

मंजुळाला हे ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं ती या माणसाला चिकट समजत आली होती. चाकाशी बसून हा माणूस भितो, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. तिचा आवाज आपोआप खाली आला.

"भावजी, घागर गळकी असली आन् मी विहिरीवरनं रमत-गमत आले, तर घरी काय आणीन?"

"काय आणशील? रिकामी घागर."

"आन् भरभर चालत आले तर?"

अर्जुनरावांनी हातातल्या पानाच्या चिंध्या खाली टाकल्या.

"घागरीचं भोक तेवढंच हाय. पण आपण महिना महिना वाटंतच घालवतो. जेवढं तळ्यातनं जातं त्यातलं निम्मं माळाला जातं. जोरात सोडायचं, टोकापतूर न्यायचं, आन् मग पुरतं बंद करायचं. एक थेंब न्हाई. रानाला ओल हाय तवर बंदच. तळ्यात जास्तच राहील, कमी न्हाई."

"पुरतं बंद?" उद्धवराव म्हणाले. "पाट कोरडा ठेवायचा?"

खरं तर याच गोष्टीनं सगळे दचकले होते. वाहता पाट दिसला की माणसाला झोप लागते. कोरडा पाट बघून कोण झोपणार?

"आणि वर रान असलेल्यांनी काय करायचं?" अर्जुनरावांनी बायकोकडं बघत विचारलं. "आपल्याला रोज पाणी लागतं."

"रोज लागत न्हाई," शालनबाई म्हणाली. "रोज मिळतं म्हणून घेतो. खालचा कोपरा चोपण झालाय की आपला. पांढरी बुरशी आल्यावानी माती झालीय, गहू हातभर वाढून बसलाय. दोन सालं तुमी सांगता, पुढच्या साली सुधरंल."

"घरातलं चारचौघांत—"

"चारचौघं कुठली, ही आपलीच हाईत."

अर्जुनरावांचा चेहरा उतरला. मंजुळाला वाईट वाटलं. थोरली जाऊ आपल्या बाजूनं नवऱ्याच्या विरुद्ध बोलेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. आणि आता ती बोलली, तर मंजुळालाच वाटायला लागलं, कुणीतरी अर्जुनरावांच्याही बाजूनं बोलावं.

ते काम आत्यानं केलं. "अर्जुना," ती म्हणाली, "तुझ्या बापानं ती खूण केली तवा मी हितंच व्हते. त्या सालापुरती केली का कायमची, ते त्यानं सांगितलं न्हाई. आन् आमी इचारलं न्हाई. त्याला काय इचारायची कुणाची छाती व्हती?" तिनं सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "चाक मोडंल म्हणून भीत असशील तर नको फिरवू. पण तो शेंदूर म्हंजे काय त्याचा शब्द न्हाई. त्याची भीती हाय ती."

मग मुरारी उठला. तो चाकापाशी गेला, उकिडवा बसला आणि शेंदराच्या खाली, दांडा जिथं दगडी कठड्याच्या भोकात जातो, तिथं बोट घालून त्यानं नखानं खरवडलं. कारखान्यात लागल्यापासून त्याला लोखंड दिसलं की हात लावून बघायची सवय जडली होती.

"दादा, इकडं ये. आटे चांगले हाईत. दर साली तेलशेंदराचे ओघळ पडले ना, त्यानं गंज धरला न्हाई." मग तो थोडं थांबून म्हणाला, "पण खाली झडपेचं काय झालंय ते मला सांगता येत न्हाई. वर आली तर खाली बसंल का, ठाऊक न्हाई."

अर्जुनराव उठून त्याच्याशेजारी बसले. दोघं भाऊ त्या दांड्यावर वाकून बघत होते. वाटण्या झाल्यापासून ते इतके जवळ बसलेले मंजुळानं पाहिले नव्हते.

"पाण्यात म्हसोबाचा दगड हाय," अर्जुनराव अखेर म्हणाले. "त्याचं डोकं उघडं पडलं, की मी चाक उलटं फिरवून बंद करणार. तुझा वाफा भिजो न भिजो. तिथनं पुढं कुणी आलं, पाया पडलं, रडलं, तरी न्हाई. कबूल?"

ते मंजुळाला विचारत होते.

"कबूल."

"आन् झडप बसली न्हाई, तर?"

"ते मला सांगता येत न्हाई, भावजी."

दोघा भावांनी चाक धरलं. ओला शेंदूर कठड्याच्या भोकाशीच होता. चाक अडलं. मुरारीनं खांदा लावला. काहीतरी करकरलं, आणि शेंदराचं कडं कठड्याच्या वर आलं. त्याच्या खालून निघालेला आटा काळा कुळकुळीत होता, कुणी कधी न बघितलेला. बांधाच्या पोटात आधी गुरगुरलं, मग दणदणलं, आणि मोरीच्या तोंडातून कुजका पाला, एक फुटका जोडा आणि दोन मासे यांच्यामागून गढूळ पाणी असं सुटलं, की पाटात उभी असलेली शेळी उडी मारून बाहेर आली. उद्धवरावांनी हात जोडले. कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही.

*

रात्रभर पाट स्वतःच भिजत राहिला. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मंजुळा पाटाच्या टोकाला बसली होती तेव्हा तिला आधी आवाज आला नाही, वास आला. कोरड्या मातीवर पाणी पडल्याचा. मग वळणावरून ते आलं, तोंडाला फेस आणि काड्याकुड्या घेऊन, भेगांत शिरत, बुडबुडे काढत, मागून येणाऱ्या पाण्यानं ढकललेलं.

"आवो!" ती ओरडली. "आवो, आलं!"

मुरारी कारखान्याची विजार गुडघ्यापर्यंत वळून दारं धरायला उभा राहिला. एक वाफा भरला की खोऱ्यानं दार मोडायचं, दुसऱ्याला वाट करून द्यायची. दोन बायका कांदा लावायला आल्या होत्या. ओल्या वाफ्यात बोटानं रोप टोचत त्या मागं मागं येत होत्या. मुरारी दोन सालांत खोऱ्याला शिवला नव्हता. पहिल्या वाफ्यात त्याचा बांध फुटला, दुसऱ्यात फुटता फुटता राहिला, तिसऱ्यापासून हाताला आठवलं.

ऊन डोक्यावर आलं. निम्मे वाफे झाले असतील, तोच पाटाच्या वरच्या अंगानं हाक आली. एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला, अशी रानारानांवरून पुढं सरकत आलेली.

"बं-द! म्हसोबा दिसला! चाक बं-द!"

मुरारीनं खोरं टेकवलं. पलीकडचे कोरडे वाफे बघितले. "झालं," तो म्हणाला. "निम्मं तर निम्मं."

कबूल केलेलं होतं. ती पाटाच्या काठाशी जाऊन बसली, पाणी ओसरताना बघावं म्हणून. ओसरतं कसं, तेही तिला कधी बघायला मिळालं नव्हतं.

पण पाणी ओसरेना. वाफा भरला, दुसरा भरला. पाट तसाच भरून येत होता. बायकांनी आणखी एक वाफा लावून काढला, तरी पाणी होतं.

मंजुळानं पाटात हात घालून पाण्याचा जोर बघितला.

"आवो. झडप बसली न्हाई."

मुरारीनं पाण्याकडं बघितलं, मग कोरड्या वाफ्यांकडं. "गप बस जरा," तो हळूच म्हणाला. "येतंय तर येऊ दे. एवढे चार वाफे होऊ देत. वर हाईत की माणसं, त्यांना दिसत असंल."

क्षणभर ती गप्प बसलीही. पाणी तिच्या समोरून तिच्या रानात जात होतं. तिनं दोन सालं मागितलेलं पाणी. ते तळ्यातून फुकट वाहून जात असेल, तर चैतात गावाची गुरं काय पिणार? आणि नाव कुणाचं होणार? चाकाशी बसलेल्या माणसाचं.

ती उठली आणि पाटाच्या काठानं वर पळत सुटली.

माळापर्यंत पाट भरलेला होता. ती आणखी घाबरली. माळ ओलांडला, बाभळीची राई आली, आणि तिथं पाणी पोटरीला लागेल इतकंच. पुढं घोट्याइतकं. शालनबाईच्या दारापाशी ती थबकली. तिथं पाटात पाणी नव्हतंच. नुसता ओला चकचकीत तळ, आणि खळग्यात अडकलेले बारके मासे, त्यांच्यावर बगळे. तिनं मागं वळून बघितलं. पुन्हा पुढं बघितलं. मग चालत, दम घेत, ती बांधावर गेली.

मोरीच्या तोंडातून थेंब थेंब गळत होतं, बाकी सगळं शांत. अर्जुनराव चाकाशी बसले होते. त्यांचे तळहात काळे आणि शेंदरी झाले होते, आणि एका बोटाला चिंधी बांधलेली होती. समोर तळ्यात म्हसोबाचं डोकं तेवढं वर आलेलं होतं.

"आता कशाला आलीस?" ते म्हणाले. "सांगितलं व्हतं ना, रडायचं न्हाई. झडप बसलीय. लई झगडावं लागलं, पण बसलीय. उघडणार न्हाई."

"उघडा म्हणाया न्हाई आले. बसली का ते बघाया आले." तिनं श्वास घेतला. "भावजी, खाली पाणी अजून येतंय."

"येड लागलं का? बंद करून किती वेळ झाला."

"येतंय. माळापाशी पाट भरलाय. हितं बंद केलं, तरी पाटात जेवढं हाय ते कुठं जाईल? उताराला माझंच रान हाय." बोलता बोलता तिलाच ते नीट कळत गेलं, आणि तिला हसू फुटलं. "त्याला कुणी सांगितलंच न्हाई, हितं बंद झालं म्हणून!"

अर्जुनरावांनी तिच्याकडं बघितलं, मोरीकडं बघितलं. मग ते उठले, जोडे हातात घेतले आणि बांध उतरले. मंजुळा मागं निघाली. शालनबाईच्या दाराशी त्यांनी कोरडा तळ बघितला. राईत पाण्याचं शेपूट लागलं. सावकाश, पानं गोळा करत, खाली खाली सरकणारं. त्याच्या बरोबरीनं दोघं चालू लागले. माळावर उद्धवराव विहिरीत डोकावून उभे होते. "उतरली न्हाई रं अर्जुना, तशीच हाय!" ते ओरडले. अर्जुनरावांनी नुसता हात केला. ते पाण्याकडं बघण्यात गर्क होते.

टोकाला पोचले तेव्हा मुरारी शेवटच्या वाफ्याच्या दारात उभा होता. भावाला बघून तो चपापला. अर्जुनराव वाफ्यावाफ्यांतून चालत गेले, एका ठिकाणी वाकून मूठभर चिखल उचलला, दाबला, उघडून बघितला.

"काळी हाय," ते म्हणाले. "चांगली काळी हाय रं, मुरा."

"व्हय दादा."

"मग ही मी कशाला घेऊ? माझीच मला पुरेना झालीय." चिखल त्यांनी पुन्हा वाफ्यात टाकला, आणि हात झटकून मंजुळाकडं वळले. "पुढचं चाक कधी फिरवायचं?"

सगळ्या लोकांनी आजवर चाकाला विचारलं होतं, चाकवाल्यानं कुणाला विचारल्याचं तिला आठवत नव्हतं. तिनं कांद्याकडं बघितलं, मग वर, शालनबाईच्या गव्हाच्या दिशेनं.

"लगीच न्हाई सांगत, भावजी," ती म्हणाली. "उद्या आक्काचं रान चालून बघते, ओल कुठवर हाय ते. मग इकडचं बघते. मग सांगते."

"बरं," अर्जुनराव म्हणाले, आणि मुरारीच्या हातातलं खोरं घेऊन शेवटच्या वाफ्याचं दार त्यांनी आपल्या हातानं मोडलं.